दुर्बिणीतलं सांबर

शिकारीला बंदी नव्हती, तेव्हाची गोष्ट. भिवबा शिकाऱ्याच्या रायफलीवर नवी दुर्बीण बसली आणि पहिल्याच दिवशी तिचा तोरा सुरू झाला. समोरच्या डोंगरावरचं सांबर दाखवत ती म्हणाली, "बघ भिवबा, पापण्यासुद्धा मोजता येतात. झाड गोळी!"

रायफल म्हणाली, "हिनं सांबर जवळ आणलं नाही, नुसतं मोठं करून दाखवलं. मधली दरी माझ्या गोळीला ओलांडायची आहे आणि दरीत वारा आहे. आधी जवळ चल."

भिवबानं दुर्बिणीचं ऐकलं. वाऱ्यानं गोळी ढळली, सांबराच्या मागच्या पायात घुसली आणि ते लंगडत रानात शिरलं. जखमी जनावर तसंच सोडायचं नसतं, म्हणून भिवबा दोन दिवस रक्ताचा माग काढत हिंडला. सापडलं तेव्हा त्याला उभंही राहवत नव्हतं. जवळ जाऊन भिवबानं एका गोळीत त्याचे हाल संपवले.

पुढच्या वर्षी त्याच डोंगरावर दुसरं सांबर दिसलं. भिवबा उठला आणि दरी उतरू लागला.

"अरे, निघालास कुठे?" दुर्बीण ओरडली. "इथून स्पष्ट दिसतंय की!"

"तुला हे दिसतंय," भिवबा न थांबता म्हणाला. "मला अजून गेल्या वर्षीचं दिसतंय."