काचेवरची टेकडी

“मग ही टेकडी जात का नाही, चाचा?”

हेरंबनं ब्लेडच्या पात्याला लावलेला डोळा न काढताच विचारलं. आवाजात तक्रार होती आणि तिच्या खाली चक्क रडू होतं.

दस्तगीरचाचा नुकतेच बाजारातून येऊन दारात उभे होते. त्यांनी हातातली पिशवी खुंटीला अडकवली.

“कवापासनं घासतोयस?”

“सकाळी सातपासून. तुम्ही नव्हता, म्हणून मीच कुलूप काढलं. तीनदा घासला, तीनदा बघितला. टेकडी आपली तिथंच, मधोमध. घरी तीन आठवडे हेच चाललंय.”

“हं...”

आता ही टेकडी म्हणजे काय ते सांगूनच टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा बाबा डोंगर फोडतोय की काय!

दुर्बिणीचा आरसा म्हणजे जाड काचेची थाळी. हातानं घासून घासून ती मध्ये किंचित खोलगट करायची. त्या खोलीत चूक झाली, की आकाशातला ग्रह लापशीसारखा दिसतो. चूक तरी केवढी? डोक्यावरच्या एका केसाचे उभे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी. ती बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही.

पण अंधाऱ्या खोलीत, दहा-अकरा फुटांवरून, सुईच्या भोकातून येणारा दिव्याचा उजेड त्या काचेवर टाकायचा. परत येणारा उजेड ब्लेडच्या पात्यानं अर्धा अडवायचा आणि मग बघायचं. काचेवरचा एकेक उंचवटा आणि एकेक खड्डा कलत्या उन्हातल्या माळासारखा उठून दिसतो.

हेरंबच्या आरशावर अशीच एक टेकडी होती. मधोमध, ठसठशीत.

दस्तगीरचाचांनी मिरजेत चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या होत्या. म्हातारपणी त्यांनी गावाबाहेर माळावर दोन खोल्या बांधल्या आणि आकाशासाठी काचा घासायला घेतल्या. कोणी शिकायला आलं तर शिकवायचे. कोणी आलं नाही तर बिडी ओढत बसायचे.

आणि हेरंब आठल्ये म्हणजे व्याख्यानांतला माणूस. ‘आकाशातल्या अजब गोष्टी’ हा त्याचा कार्यक्रम गावोगाव गाजलेला. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. मेलेल्या एका जातीच्या ताऱ्याचा चमचाभर ऐवज अख्ख्या डोंगराला भारी पडतो. चंद्रावर उमटलेलं पाऊल लाखो वर्षं पुसलं जाणार नाही, कारण पुसायला तिथं वाराच नाही. हेरंब हे असं काही सांगायचा, की लोकांच्या तोंडाचा आ मिटायचा नाही.

एकदा एका व्याख्यानात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “छान सांगता हो. पण यातलं तुम्ही स्वतः काय बघितलंय?”

सभागृह हसलं. हेरंबही हसला. पण ते वाक्य त्याच्या काळजात रुतलं ते रुतलंच. त्यानंतर महिन्याभरानं तो चाचांच्या माळावर हजर झाला.

त्याला आता अकरा महिने झाले होते. हात चांगला बसला होता, म्हणून शेवटची झिलई करायला चाचांनी आरसा घरी न्यायची परवानगी दिली. आणि तिथंच या गड्यानं काय करावं? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आरसा पुरा व्हायच्या आत त्यानं तालुक्याच्या शाळेत रविवार ठरवून टाकला. चौकात फलक लागला: ‘प्रा. हेरंब आठल्ये यांनी स्वहस्ते घडवलेल्या दुर्बिणीतून शनीची कडी पाहा.’

आज बुधवार होता. आरसा दोनच्या गाडीनं पुण्याला जायचा होता, चकाकीचा मुलामा चढवून घ्यायला. आज गेला नाही, तर रविवारचं काही खरं नव्हतं.

“अजून दहा मिनिटं घासतो,” हेरंब म्हणाला. “दाब जरा वाढवून.”

“ठेव.”

“चाचा, दोनची गाडी...”

“ठेव म्हटलं की.”

चाचांनी त्याच्या आरशाकडं बघितलंही नाही. ते त्याच्या हातांकडं बघत होते. पंजे लालबुंद झाले होते.

हेरंबनं धुसफुसत आपला आरसा कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला. चाचांनी पत्र्याच्या पेटीतून जुन्या लुंगीत गुंडाळलेली एक काच काढली. तो त्यांचा नमुन्याचा आरसा. वीस वर्षांपूर्वीचा, मुलामा न चढवलेला, शिकणाऱ्यांना दाखवण्यापुरता जपलेला. त्यांनी तो पात्यासमोरच्या लाकडी घोडीवर उभा केला.

“बघ.”

हेरंबनं पात्याला डोळा लावला. आरसा एकसारखा राखाडी दिसत होता. कुठं डाग नाही, कुठं सुरकुती नाही.

“हा तर ठाऊकच आहे मला,” तो म्हणाला. “याला कोण नावं ठेवणार!”

“बरं. जा, माठातलं तांब्याभर पाणी आण.”

पाणी आता कशाला, असं हेरंबच्या ओठावर आलं होतं. पण तो गेला. माठ ओसरीच्या पार टोकाला होता. तांब्या शोधून, विसळून, भरून तो परत आला, तेव्हा चाचा घोडीपाशी उभे होते.

“आता बघ.”

त्यानं बघितलं आणि तांब्यातलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं.

“चाचा! तुमच्या आरशावर टेकडी!”

“असंल.”

“असेल काय? मगाशी नव्हती!”

“आता हाय न्हवं?”

“आहे तर! माझ्यापेक्षा मोठी आहे!”

खोटं कशाला सांगू, हेरंबला आत कुठंतरी बरं वाटलं. गुरूच्या काचेवरही टेकडी निघाली, मग आपण कोण मोठे लागून गेलो! मन मोठं चोर असतं.

“मग काय करशील?” चाचांनी विचारलं.

“घासून काढायची.”

“किती?”

“दहा मिनिटं. फार तर पंधरा.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे काय, चाचा! अकरा महिने झाले मला. डोळे झाकून सांगतो.”

“मग घास.”

हेरंब पुढं झाला. चाचांचा आरसा, वीस वर्षांचा, आणि घासायचा कोणी, तर आपण! त्याची छाती फुगली. त्यानं घोडीला हात घातला.

“थांब,” चाचा म्हणाले. “आधी च्या पिऊ.”

आता या म्हाताऱ्याला काय म्हणावं! हेरंबनं घड्याळ बघितलं. साडेअकरा वाजले होते.

ओसरीवर स्टोव्ह पेटला. एकदा विझला, पुन्हा पेटला. चाचांनी आलं ठेचलं आणि तेही बेतानं, पाव्हण्यांच्या पंगतीला ठेचावं तसं.

“सूर्याचा उजेड हितवर यायला किती येळ लागतो रं?”

“आठ मिनिटं,” हेरंब सवयीनं म्हणाला. मग त्याला चेव आला. “पण ती खरी गंमत नाहीच! ही आठ मिनिटं सूर्याच्या पाठीपासूनची. त्याच्या पोटातून पाठीवर यायलाच त्या उजेडाला हजारो वर्षं लागतात. आतल्या आत धडकतोय, वाट चुकतोय, पुन्हा मागं फिरतोय... हजारो वर्षं!”

इथं व्याख्यानात लोक ‘अबब’ म्हणायचे. चाचांनी बशीत चहा ओतला.

“आन् तू ह्ये सांगतोस लोकास्नी?”

“गेली बारा वर्षं.”

“हं...”

चाचांनी फुंकर घालून चहा प्याला. मग दुसरा कप. मग बिडी. हेरंबनं तीनदा घड्याळ बघितलं. चाचा मिरजेच्या सतारीबद्दल बोलत होते, भोपळा कसा वाळवतात त्याबद्दल. त्यातलं एक अक्षर हेरंबच्या कानात शिरलं नाही.

“चल,” चाचा शेवटी उठले. “घासायच्या आधी एकदा बघून घे.”

हेरंबनं पात्याला डोळा लावला.

मग डोळा चोळला. पुन्हा लावला.

आरसा एकसारखा राखाडी होता.

“टेकडी... टेकडी कुठं गेली?”

चाचांनी आपला उजवा अंगठा त्याच्यासमोर धरला. साधा म्हाताऱ्याचा अंगठा, नख तुटलेला.

“काचंवर टेकवला हुता. तू पाण्याला गेलास तवा.”



अंगठ्याची ऊब. एवढीशी. तेवढ्यानं काच फुगली होती आणि थंड झाल्यावर आपली आपण बसली होती. चहाच्या आधी ती घासली असती, तर फुगलेला भाग खरवडून निघाला असता. आणि काच निवल्यावर तिथं...

हेरंबनं फळीवरच्या आपल्या आरशाकडं बघितलं.

पहिल्याच दिवशी चाचांनी त्याला एकच नियम सांगितला होता. “घासलं की बसायचं. मी सांगीन तवाच बघायचं.” तेव्हापासून दर वेळी घासून झालं, की चाचा त्याला ओसरीवर घेऊन बसायचे. चहा, बिडी, सतारी, थोरल्या बहिणीचं लग्न, कुठल्या कुठल्या गोष्टी. हेरंब मनात म्हणायचा, म्हातारा एकटा पडलाय बिचारा, गप्पांना माणूस लागतं. उपकार केल्यासारखा ऐकून घ्यायचा.

घरी गप्पा मारायला कोणी नव्हतं. त्यामुळं तो घासायचा आणि उठून लगेच बघायचा.

“आता तुझा लाव,” चाचा म्हणाले.

“नको.”

“लाव.”

फळीवरचा आरसा आता गार झाला होता. त्यानं तो घोडीवर ठेवला. पात्याला डोळा लावायला त्याला सगळा धीर गोळा करावा लागला.

टेकडी नव्हती. तिच्या जागी खड्डा होता, मधोमध, विहिरीसारखा. तीन आठवडे तो आपल्याच हातांची ऊब खरवडत बसला होता.

हेरंब मटकन खाली बसला. त्याला लाज वाटली आणि त्याहून जास्त दुःख झालं. अकरा महिने त्यानं ही काच जपली होती.

“चाचा,” तो हळूच म्हणाला, “तसाच पाठवला तर? कोणाला कळणार आहे?”

“कुनाला न्हाई.”

“शनी दिसेल ना?”

“दिसंल की. भाकरीवानी.”

“मग लोक...”

“लोक म्हनतील, शनी असाच असतोय. तू सांगितल्यावर कोन कशाला शंका घेतंय?”

चाचा रागावले नव्हते. हेच हेरंबला जास्त लागलं. रागावले असते, तर त्यानं उलट काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती.

खिशातला फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका, ढोबळेबाई.

“सर, रविवारचा मंडप सांगू ना? आसपासच्या चार शाळांची पोरं येतायत म्हणे.”

“बाई... एक तांत्रिक अडचण...”

चाचा नमुन्याचा आरसा लुंगीत गुंडाळत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही, पण हात थांबला.

हेरंबनं घसा खाकरला.

“नाही बाई. अडचण तांत्रिक नाही. आरसा मी बिघडवलाय. माझ्या घाईनं. रविवारी काही होणार नाही.”



“अहो, पण चौकात फलक लागलाय...”

“उतरवायला सांगा. माझं नाव घेऊन सांगा.”

“मग कधी होईल?”

हेरंबनं चाचांकडं बघितलं. चाचा छपराकडं बघत होते.

“माहीत नाही,” हेरंब म्हणाला.

बारा वर्षांत व्यासपीठावरून त्यानं हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. उच्चारल्यावर आभाळ काही कोसळलं नाही. बाई नाराज झाल्या, “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हेरंबनं डोळे पुसले, चप्पल काढली आणि हात धुतले. घासायच्या ठोकळ्यावर राळेचा थर होता. त्यावर त्यानं झिलईची तांबडी पूड ओली करून पसरली आणि आरसा उचलला.

“खड्डा भरून येत न्हाई,” चाचा म्हणाले. “भवतीची समदी काच खाली आनावी लागंल.”

“आणतो.”

“लई दिस जातील.”

“जाऊ देत.”

तो घासायला लागला. पहिल्यांदा हात रागानं चालत होते. मग नुसते चालायला लागले. पुण्याची गाडी खालच्या रस्त्यानं हॉर्न वाजवत गेली. ती गेल्याचं त्याला ऐकू आलं आणि वाईटही वाटलं, पण हात थांबला नाही.

चाचांनी “बास” म्हटलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हेरंबनं काच पुसली आणि सवयीनं घोडीकडं निघाला.

दोन पावलं गेला. थांबला. परत फिरला आणि आरसा फळीवर ठेवला.

मग तो ओसरीवर चाचांच्या शेजारी येऊन बसला. मांडी घातली. मांडी मोडली. फळीकडं मान वळवून बघितलं. घड्याळ बघितलं. पाय हलवायला लागला.

चाचा शांतपणे बिडी ओढत होते. आज गप्पा नव्हत्या, सतारी नव्हत्या.

मिनिटं गेली. पाच असतील, सहा असतील...

“चाचा,” हेरंबला शेवटी राहवलं नाही, “निवायला किती वेळ लागतो हो?”

चाचांनी त्याच्या हलणाऱ्या पायाकडं बघितलं.

“काचंला? तासभर.”