शेवटच्या बाईचे मौन

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. शूर होता, पण भारी घाईचा. पर्युषण पर्व संपले की क्षमावणीला, म्हणजे एकमेकांची क्षमा मागण्याच्या दिवशी, सारी प्रजा राजवाड्यात रांग लावी, आणि राजा मुकुट सावरत, कोणाकडेही न पाहता म्हणत सुटे, "जाणता-अजाणता काही चुकले असेल, तर क्षमा असावी." समोरचा म्हणे, "उत्तम क्षमा." की झाले!

एका वर्षी रांगेत एक मांत्रिक उभा होता. तो संतापला. "न पाहता क्षमा मागतोस? मग तुला माणूस ओळखूच येणार नाही. ज्याचा खरा अपराध केलास, त्याने पुढच्या क्षमावणीच्या सूर्यास्ताआधी क्षमा केली तरच सुटशील. नाहीतर जन्मभर असाच राहशील."

त्या क्षणापासून राजाला सगळे चेहरे सारखे दिसू लागले, सगळे आवाज सारखे ऐकू येऊ लागले. काय तो गोंधळ! प्रधान समजून त्याने घोडे राखणाऱ्या मोतद्दाराशी मसलत केली. चोराला शेला दिला, कोतवालाला कोठडीत टाकले. माहेरी आलेल्या एकुलत्या लेकीला, सुव्रतेला, दासी समजून पाणी आणायला धाडले. हे कळले तेव्हा मात्र राजा ढसाढसा रडला.

वर्ष सरले, पर्युषण लागले. खिडकीत एक साळुंकी येऊन बसली आणि म्हणाली, "राजा, तीन कामे कर. पर्वाचे उपवास कर. रानातल्या विहिरीचे पाणी स्वतः गाळ, आणि गाळण्यातले जीव त्याच विहिरीत परत सोड. मग क्षमा माग."

"कोणाची?"

"ते तुला ठाऊक आहे." साळुंकी उडून गेली.

उपवास झाले. विहिरीवर गाळणे धुताना राजा जन्मात पहिल्यांदा इतका वाकला. क्षमावणीला त्याने मुकुट उतरवून ठेवला आणि एकेकापुढे हात जोडले. "जाणता-अजाणता..." "उत्तम क्षमा." चेहरे मात्र तसेच! हा कोण, तो कोण? राजा पुरता चक्रावला. एकाचीच दोनदा क्षमा मागितली, एकदा तर खांबापुढे हात जोडले. सूर्य टेकायला आला.

रांगेतली शेवटची बाई मात्र गप्पच राहिली.

"बाई, माझे काय चुकले?"

"अजाणता काहीच चुकले नाही. आई अंथरुणाला खिळली होती. तुमचे माझ्या सासऱ्यांशी वितुष्ट होते, म्हणून तुम्ही मला निरोप धाडला नाहीत. दरवर्षी 'उत्तम क्षमा' म्हणत आले. आज शब्द निघत नाही."

राजा तिच्यापुढे खाली बसला. "जाणूनबुजून केले, पोरी. मानापायी केले. ती सारखी विचारी, सुव्रता आली का? मी सांगे, वाटेत आहे. असे सांगत राहिलो आणि ती गेली. अजाणता म्हणायची मला लाज वाटते. क्षमा कर."

ती खूप रडली. मग त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "उत्तम क्षमा, बाबा."

राजाने मान वर केली. समोर सुव्रता होती, डोळे थेट आईचे. तिच्यामागे प्रधान, मोतद्दार, सगळे आपापल्या चेहऱ्यांनिशी उभे होते. कोतवाल सुटला, शेला पांघरून मिरवणारा चोर सापडला, आणि राज्याची घडी पुन्हा बसली.

पुढे क्षमावणीची रांग दिवे लागले तरी संपेना, कारण राजा प्रत्येकाकडे नीट पाही. पण त्याआधी तो राणीच्या रिकाम्या आसनापुढे हात जोडून सांगे, "सुव्रता आली आहे."