आतली कडी

फार पूर्वी, गावांना वेशी होत्या आणि वेशींना दारं होती त्या काळी, एका गावात एक सुतार राहत होता. मनाने सरळ, पण जिभेचा तिखट. त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. गावातल्या प्रत्येक घराचं दार त्याने नाहीतर त्याच्या बापाने बसवलेलं होतं, आणि एकही दार कुरकुरत नव्हतं. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी दार हलवून बघायचा, मग पाटावर बसायचा.

त्याच गावात एक म्हातारी होती. तिला मात्र दार नव्हतं. धर्मशाळेचा नियम तीन रात्रींचा, म्हणून चौथ्या दिवशी ती देवळाच्या ओवरीत जायची. तिथून पुजारी उठवायचा, मग ती बाजाराच्या छपराखाली जायची. तिथून कोतवाल हाकलायचा. अशी बारा वर्षं गेली. ती स्वतःशीच पुटपुटायची आणि कुणी जवळ आलं की गाठोडं छातीशी धरायची. जो तो तिला एकच विचारायचा, "कोण गं तू? इथे काय करतेस?" उत्तर ऐकायला मात्र कुणी थांबत नसे.

एका हिवाळ्यात ती बाजारात तापाने फणफणलेली सापडली. वैद्यबुवांनी औषध दिलं आणि पाटलांना स्पष्ट सांगितलं, की आणखी एक थंडी उघड्यावर काढली तर म्हातारी जगणार नाही. पाटील म्हणाले, आधी तिने नीट वागून दाखवावं, पुटपुटणं सोडावं, मग जागेचं बघू. वैद्यबुवा सहसा कुणाशी वाद घालत नसत, पण त्या दिवशी ते हट्टाला पेटले. आधी अंथरूण, मग औषध, आणि वागण्याचं त्यानंतर, असं त्यांनी पाटलांना ऐकवलं.

शेवटी धर्मशाळेमागची धान्याची रिकामी खोली तिला द्यायचं ठरलं. सुताराला नवं दार करायला सांगितलं. पाटलांनी एक बजावलं, की कडी फक्त बाहेरून हवी, कारण म्हातारी आत काहीबाही करून बसली तर काय घ्या? सुताराने मान डोलावली. दार झकास झालं.

खोली दाखवली तेव्हा म्हातारीने एवढंच विचारलं, "किती रात्री?"

"बघू," पाटील म्हणाले.

पहिल्या दिवसापासून गावाच्या दयेला ऊत आला. कुणी भाकरी घेऊन दार ढकलायचं, कुणी अंघोळीचा उपदेश घेऊन. कुणी तर नुसतंच डोकावून जायचं, म्हातारी घरात कशी दिसते ते बघायला. आठ दिवसांनी लोकांना दिसलं, की म्हातारी रोज सकाळी बाहेरच्या पायरीवर कुडकुडत झोपलेली असते आणि गाठोडं मनगटाला बांधलेलं असतं. गाव रागावलं. हिला घर पचत नाही, म्हणाले. पाटलांनी जाहीर केलं, की येत्या बाजारापर्यंत म्हातारी आत राहिली नाही तर खोलीत पुन्हा धान्य भरायचं.

सुताराला ते लागलं. आपलं दार असताना माणूस पायरीवर झोपतो म्हणजे काय? तो हत्यारांची पिशवी घेऊन तडक गेला. बिजागऱ्या तपासल्या, चौकट तपासली. कुठे काही चुकलेलं नव्हतं. मग तो पायरीवर म्हातारीशेजारी बसला.

"मावशी, दारात काही खोट आहे का?"

म्हातारीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. तो उठून जात नाही असं दिसल्यावर ती बोलली. "दार चांगलंय, बाबा. पण ते बाहेरून लागतं. बाहेरून लागणारं दार कोंडवाड्याला असतं. आत बसलं की वाटतं, आत्ता कुणी ढकलेल, आत्ता कुणी ऊठ म्हणेल. इथे पायरीवर येणारा निदान दिसतो तरी."

सुताराचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं त्याने दारं केली होती. आतली कडी लावू का, असं त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं. ती लावायचीच असते. मग या एकाच दाराला ती नको म्हटल्यावर आपण मान कशी डोलावली? त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने पाटलांना विचारलं नाही. बाहेरची कडी उपसून काढली आणि आतून ठोकली.

म्हातारी आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. त्यानंतर कुणी आलं तरी दार उघडेना.

पाटील संतापून आले. "आत मेली तर कळायचं कसं?"

"विचारून कळेल," सुतार म्हणाला. "रोज येऊ, दार वाजवू. तिने उघडलं तर आत जाऊ. नाही उघडलं तर भाकरी पायरीवर ठेवू आणि पुन्हा येऊ. मी येतो की."

बाजार दोन दिवसांवर होता, तेवढी मुदत पाटलांनी दिली; तोवर दार उघडलं नाही तर ते फोडायचं. सकाळी वैद्यबुवा आणि संध्याकाळी सुतार दार वाजवू लागले. आतून पुटपुटणं ऐकू यायचं, म्हणजे म्हातारी धड होती. पायरीवरची भाकरी कुणी नसताना आत जायची. पण वाजवल्यावर दार काही उघडत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी पाटील दोन गडी आणि पहार घेऊन आले. सुतार दाराला पाठ लावून उभा राहिला. "एकदा वाजवून बघा," तो म्हणाला. "तुम्ही अजून एकदाही वाजवलं नाही."

पाटलांनी उभ्या जन्मात कुणाचं दार वाजवलं नव्हतं. त्यांनी अवघडून थाप मारली.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

बारा वर्षं गाव तिला हेच विचारत होतं, आज ती गावाला विचारत होती. सुताराच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

"मी... पाटील आहे," पाटील म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच वेगळा वाटला. "आत येऊ का?"

कडी सरकली. दार जरासुद्धा कुरकुरलं नाही. गाठोडं सोडलेलं होतं. त्यातलं लुगडं दोरीवर वाळत होतं आणि एक पितळी वाटी कोनाड्यात ठेवली होती. म्हातारीने पाटलांना बसायला घोंगडी सरकवली आणि पुन्हा विचारलं, "किती रात्री?"

पाटलांनी पहार बाहेर ठेवायला सांगितली. "कडी तुझ्याकडे आहे, बाई," ते म्हणाले. "आता मोजू नकोस."

म्हातारी त्या खोलीत नऊ वर्षं राहिली. पुटपुटणं तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. सुतार रोज संध्याकाळी दार वाजवायचा, आणि ती आवाज ओळखूनही रोज विचारायची, "कोण आहे?"

तात्पर्य: नुसतं छप्पर देऊन भागत नाही. कडी ज्याची त्याच्या हातात द्यावी, आणि दार वाजवायला मात्र रोज जावं.