आठ भोयांची पालखी

चिंचगडचे संस्थानिक तुळाजीराव जेवढे अंगाने भारी, तेवढेच रागानेही. 'सरकार, वजन उतरवा' असं म्हणणाऱ्या राजवैद्यांना त्यांनी संस्थानाबाहेर काढलं होतं. म्हणूनच त्यांची पालखी दवाखान्याच्या दारात टेकली, तेव्हा नव्याने आलेल्या डॉक्टर अनसूयाबाई सावध झाल्या.

त्यांनी तुळाजीरावांच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्रातला पारा सरसर वर चढला.

"सरकार, रक्तदाब फार वाढलाय. वजन कमी करावं लागेल."

"वजनाचा आणि रक्ताचा काय संबंध?" तुळाजीराव गरजले. "संबंध दाखवा, नाहीतर बिऱ्हाड आवरा!"

अनसूयाबाईंनी बाहेर पाहिलं. भोई घाम पुसत उभे होते.

"सरकार, पालखीला पूर्वी भोई किती होते?"

"चार."

"मग आता आठ का?"

"चौघांना पेलवेना. बिचाऱ्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. आम्ही काही निर्दय नाही!"

"बाहेरचे भोई सरकारांनी दुप्पट केले. पण हा सगळा देह रात्रंदिवस वाहणारा आतला भोई, तुमचं काळीज, अजून एकटाच आहे. त्याच्याही शिरा फुगल्यात, एवढंच हे यंत्र सांगतंय. त्याच्या जोडीला दुसरा भोई मला देता येत नाही. ओझं मात्र सरकारांना कमी करता येईल."

तुळाजीराव छातीवर हात ठेवून आतले ठोके चाचपू लागले. मग उठले आणि पालखीकडे न बघता, धापा टाकत पायीच राजवाड्याकडे निघाले.

रिकामी पालखी उचलता उचलता म्हातारा भोई हळूच म्हणाला, "बाई, सरकारांचं वजन उतरेल तेव्हा उतरेल. आमचं तर आजच उतरलं!"