देवीकडे वळण्याची रीत

राजा भानुजिताला आपल्या नावाचं नाणं पाडायची भारी हौस होती. एका बाजूला स्वतःचा चेहरा, दुसऱ्या बाजूला कुलदेवी. पहिलं नाणं भर दरबारात त्याच्या हाती आलं. स्वतःचा चेहरा पाहून तो खूश झाला, मग त्याने नाणं वरून खाली उलटलं. देवी डोक्यावर उभी.

"ठसा कोरणाऱ्याला हद्दपार करा," राजा गरजला.

टांकसाळीचे कारभारी दादोपंत चरकले. ठसा बिनचूक होता, पण राजाला त्याची चूक सांगायची कोणी? सिंहासनामागे खिडकी होती, तिच्यातून देवीचा गाभारा थेट दिसे. पंतांची नजर तिकडे गेली.

"शिक्षेआधी महाराजांनी देवीचं दर्शन घ्यावं."

राजा उठला, मागे वळला आणि त्याने हात जोडले.

"देवी सरळ दिसली ना, महाराज?"

"दिसणारच."

"आपण उभ्याने वळलात म्हणून. बसल्या जागी मान मागे टाकली असतीत, तर उलटी दिसली असती. नाणंही आपण वळलात तसंच, डावीकडून उजवीकडे वळवावं."

राजाने वळवलं. देवी सरळ उभी होती. तरी माघार घेणं त्याच्या जिवावर आलं. "आणि लोकांनी माझ्यासारखंच उलटलं तर?"

"लोक देवीला सरळच धरतील, महाराज," पंत हलकेच म्हणाले. "उलटे आपण व्हाल."

राजाने देवी सरळ धरली आणि नाणं वरून खाली उलटलं. आता तो स्वतःच डोक्यावर उभा होता. मग त्याने हुकूम मागे घेतला.