दोन कुलपांआडची सुरमई

खाडीच्या तोंडाशी एक गाव होते. तिथे धर्माजी नावाचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, राहायचा. स्वतःची होडी होती, कोल्ड स्टोरेजमध्ये स्वतःची खोली होती आणि दुसऱ्याचे ऐकायची सवय नव्हती.

त्याची मुलगी लग्नाची होती. भर पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, मुलाकडची माणसे सुपारी फोडायला येणार होती. धर्माजीने शब्द दिला, "समुद्र बंद असला तरी माझ्या घरी सुरमईच वाढली जाईल."

चैत्रातच त्याने वीस ताज्या सुरमया आणल्या. बायको चांगुणा म्हणाली, "अहो, मासा गोठला की गार पाण्यात बुडवून काढा. अंगावर बर्फाचा पापुद्रा धरेल. मग एकेक घट्ट गुंडाळा. आत हवा राहू देऊ नका."

"मेलेल्या माशाला पांघरूण कशाला? दाराला कुलूप आहे ना?"

त्याने पातळ, सैल पिशव्यांत चार-चार मासे कोंबले, तोंडे बांधली आणि कोल्ड स्टोरेजच्या खोलीत ठेवून कुलूप लावले.

महिन्याने तो खोलीत शिरला. पिशव्यांच्या आतून काहीतरी पांढरे धरले होते, काचेवर कुणी श्वास सोडावा तसे. खोलीत कुणी नव्हते. पंख्याच्या वाऱ्याने पिशव्या सावकाश खालीवर होत होत्या, जणू आत कुणी झोपले आहे. पुढच्या खेपेला पांढरे वाढले होते आणि मासे बारीक दिसत होते. धर्माजीच्या अंगावर काटा आला. कुणीतरी इथे येऊन जाते, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने दुसरे कुलूप लावले. पिशव्या तोलल्या. वजन पहिल्याइतकेच भरले.

"पिशवी उघडून पाहिलीत?" चांगुणाने विचारले.

"वजन भरतंय. उघडायचं कशाला?"

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी त्याने चार पिशव्या घरी आणून फोडल्या. मूठ-मूठ हिम खाली सांडले. मासे लाकडासारखे कोरडे, अंगावर पांढरे चट्टे, डोळे खोल गेलेले.

चांगुणा हळूच म्हणाली, "खरं सांगून टाकू. सुक्या कोळंबीचे सोडे शिजवते, वेळ भागेल."

"धर्माजी तांडेलाच्या घरी सोडे? सुरमईच वाढ."

पानात सुरमई पडली. जुन्या तेलासारखा वास सुटला. मुलाच्या आजोबांनी घास चघळला आणि पानाच्या कडेला काढून ठेवला.

"तांडेल, हे घरात कुणाला कळलं नव्हतं?"

"ठेवली तेव्हा ताजी होती."

"ठेवली तेव्हा आम्ही नव्हतो. कळूनसवरून वाढलीत, ते गिळवत नाही."

पाहुणे उठले. सुपारी ताटात तशीच राहिली. दाराआड उभी असलेली मुलगी आत निघून गेली.

संध्याकाळी धर्माजी कोल्ड स्टोरेजच्या खोलीत गेला. एक पिशवी तिथे उरली होती. त्याने तिच्यातले मूठभर हिम तळहातावर धरले. ते वितळले. पाण्याला सुरमईचा वास होता. बाहेरून कुणी आलेच नव्हते. पिशवीतल्या पोकळीत थंडीने माशाचे पाणी थोडे थोडे ओढून त्याच्याच शेजारी साठवले होते, म्हणून वजन भरत होते. धर्माजीने मूठ मिटली. त्याला समोर पाहवेना.

तात्पर्य: राखायची वस्तू नुसती कोंडून राखली जात नाही, तिची निगा करावी लागते, आणि चूक कळूनही जो ती लोकांच्या पानात वाढतो, त्याची अब्रूही त्या वस्तूबरोबर जाते.