पेढा कधी खायचा

“पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणजे जंतू हरले... बरोबर ना, बाई?”

विचारणारा डॉक्टर कैवल्य. नवा, हुशार, आणि हुशारीला अंमळ घाई. एका हातात रिपोर्ट, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

सुगंधा नावाची बाळंतीण तापाने फणफणली होती. काल रक्तात पांढऱ्या पेशी अठरा हजार. आज तीन हजार, निरोगी माणसापेक्षाही कमी. यानेच तिच्या नवऱ्याला सांगितलं, “जिंकलो!” तो बिचारा धावत जाऊन पेढे घेऊन आला.

गर्गेबाईंचा उभा जन्म रक्त तपासण्यात गेलेला. त्यांनी पेढ्याला हात लावला नाही.

“तिचे पाय बघितलेस?”

“पाय? नाही... रिपोर्ट बघितला.”

“जा. हात लावून ये.”

कैवल्य गेला तसा परत आला. तोंड पार उतरलेलं.

“गार पडलेत, बाई. आणि काहीबाही बरळतेय.”

बाईंनी काचपट्ट्यांतून सुगंधाची पट्टी शोधून काढली.

“तू डोंगरातला ना रे? वणवा पेटला की गाव कसं दिसतं?”

“ओस. सगळे वर आग विझवायला.”

“मग ओस गाव बघून आग विझली म्हणायचं?”

“पण मशीनने नीट मोजलंय, बाई!”

“मशीनने डोकी मोजली. तू तोंडं बघ.” त्यांनी रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. पेशी थोड्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरी अर्ध्याकच्च्या, पुरत्या वाढायच्या आधीच बाहेर पडलेल्या.

“पोरं आहेत, बाई... नुसती पोरं!”

“मोठी माणसं खपली की पोरंच कळशा घेऊन धावतात.”

“अरे देवा!”

पुडा कपाटावर टाकून तो पळाला. जंतू कोणता ते कळायला रक्त कल्चरला पाठवलं, आणि उत्तराची वाट न बघता अँटिबायोटिक बदललं. सलाईन जोरात सुरू केलं. त्या रात्री तो खाटेजवळून हलला नाही. बाळ आजीच्या मांडीवर रडत होतं, आणि याच्या मनात एकच, या लेकराची आई जाता कामा नये.

कल्चरमध्ये जंतू निघाला. नवं औषध त्याच्यावर नेमकं होतं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. बावीस हजार!

“बाई, घात झाला! पेशी चढल्या...”

बोलता बोलता तो थांबला. रिपोर्ट टेबलावर टाकला आणि तडक वॉर्डात गेला.

सुगंधा उशीला टेकून बाळाला पाजत होती. ताप नव्हता. कैवल्यने तिच्या पायाला हात लावला, तशी ती केवढ्यांदा ओरडली.

“अगं बाई! डॉक्टर, किती गार हात तुमचे!”

तिचे पाय चांगले ऊन होते.

कैवल्य हसत, डोळे पुसत धावत आला.

“बाई, गाव परत आलं! सगळं गाव परत आलं!”

गर्गेबाईंनी कपाटावरचा पुडा काढला, दोरा तोडला, पुडा त्याच्या हातात दिला आणि तळहात पुढे केला.

“हं. आता घाल पेढा.”